सगळं घर एकामागून एक उलट्या-जुलाबांनी आडवं झालंय, घरच्या घरी कसं सावरायचं?

पारिजातक
डोंबिवलीहून लिहितेय. शनिवारी नात्यात एका बारशाला गेलो होतो. रविवारी रात्री लेकाला (वय ६, पहिलीत आहे) एकदम उलट्या सुरू झाल्या. आधी जेवण पडलं, मग पाणी, मग पोटात काही उरलंच नाही तरी उमाळे येत राहिले. पहाटेपासून पाण्यासारखे जुलाब. ताप नाही म्हणावा इतपतच, नुसती कणकण. काल संध्याकाळी नवऱ्याचंही तेच सुरू झालं. बारशाला आलेल्या आणखी दोन घरांतही हाच प्रकार चालू आहे असं आज फोनवर कळलं.

लेकाला डॉक्टरांना दाखवून आणलंय. त्यांनी पोट तपासलं, जीभ पाहिली, म्हणाले व्हायरल आहे, दोन-तीन दिवसांत ओसरेल. उलटीचं एक औषध दिलं आणि ओआरएस पाजत राहा म्हणाले. बाकी काही नाही. पण पाजायचं कसं? चार घोट घेतले की पाच मिनिटांत बाहेर. त्याचं ते मलूल तोंड बघवत नाही. खायला काय देऊ? घरात सासूबाई आहेत, वय ७२, बीपी आणि शुगर दोन्ही आहे आणि बाथरूम एकच. त्यांना यातून कसं वाचवू? शाळेत कधी पाठवायचं? रात्रभर जागी आहे, विस्कळीत लिहिलं असेल तर समजून घ्या.

माजघर
काळजी करू नका ताई, घरोघरी हे होऊन जातं. मुलगा मागेल तेव्हा भाताची पातळ पेज द्या, मीठ घालून. जबरदस्ती करू नका. खाण्याचं सविस्तर संध्याकाळी लिहिते, आता कामावर निघालेय.

निवांत
मी बालरोगतज्ज्ञ आहे, सातारा जिल्ह्यात प्रॅक्टिस करतो. मूल न तपासता निदान करता येत नाही, तुमच्या डॉक्टरांनी ते केलंच आहे. एका कार्यक्रमातली माणसं एक-दोन दिवसांच्या अंतराने आजारी पडणं, उलट्यांनी सुरुवात होणं, ताप कमी असणं, हे सगळं नोरोव्हायरस या पोट बिघडवणाऱ्या विषाणूच्या चालीला जुळतं. तो पोटात गेल्यावर १२ ते ४८ तासांत लक्षणं दिसतात आणि बहुतेकांना १ ते ३ दिवसांत उतार पडतो. त्याला मारणारं औषध नाही. शरीर त्याला आपणच बाहेर काढतं, तोवर शरीरातलं पाणी आणि क्षार टिकवून धरणं एवढंच आपल्या हातात असतं. आणि ते सोपं काम नाही, म्हणून ते कसं करायचं तेच नीट सांगतो.

उलटी झाल्यावर लगेच काही देऊ नका. दहा मिनिटं थांबा, घड्याळ लावून थांबा. मग ओआरएसचा एक छोटा चमचा, म्हणजे ५ मिलि. एक-दोन मिनिटांनी दुसरा. मग तिसरा. मूल तहानेने पेला ओढून घेईल, घटाघट प्यायला बघेल, तिथे पेला देऊ नका. चिडलेल्या आतड्या-जठराला एकदम शंभर मिलि पाणी सोसत नाही, पण चमचाभर सोसतं. अर्धा तास असं चाललं आणि पोटात राहिलं की दोन चमचे करा. पुन्हा उलटी झाली तर पुन्हा दहा मिनिटं थांबून पुन्हा एका चमच्यावर या. ‘सगळं ओकतोय’ असं वाटतं तेव्हाही बराचसा भाग आत गेलेला असतो. ओआरएस थोडं गार करून दिलं तर मुलं जास्त घेतात. आईला झोप नसेल तर हे काम घरातल्या दुसऱ्या कुणाकडे द्या, कारण ते तासन् तास करावं लागतं.

उलट्या थांबल्या की प्रत्येक पातळ जुलाबामागे: दोन वर्षांच्या आतल्या मुलाला ५० ते १०० मिलि, त्याहून मोठ्याला १०० ते २०० मिलि, मोठ्या माणसाला जेवढं जाईल तेवढं.

घरी थांबायचं नाही अशी लक्षणं: सहा-आठ तासांत लघवी नाही, रडताना डोळ्यांत पाणी नाही, तोंड कोरडं, डोळे खोल गेलेले, मूल उठवलं तरी पुन्हा गळून पडतंय, शौचात रक्त, उलटीत हिरवा रंग किंवा रक्त, सतत आणि वाढतं पोटदुखणं, जोराचा ताप, किंवा चमच्याने देऊनही काहीच पोटात न राहणं. यातलं एकही असेल तर रात्रीचे दोन वाजले असले तरी निघायचं.

रानवारा
डॉक्टरसाहेबांचा मान राखून सांगतो. आमच्याकडे, जालन्याला, असं झालं की माणूस सरळ दवाखान्यात जातो, दोन सलाईन लावतो, संध्याकाळी उठून बसतो. चमच्या-चमच्याने पाजत दोन दिवस का काढायचे? शेतातली कामं, रोजंदारी, दोन दिवस घरी बसणं सगळ्यांना परवडत नाही. आणि पोट बिघडल्यावर लंघन करावं असं आमचे वडीलधारे सांगत आले, पोटाला विश्रांती मिळते. इथे उलट खाऊ घाला म्हणताय.

निवांत
रानवारा, रोजंदारी बुडण्याचा मुद्दा अगदी खरा आहे, तो मी रोज ओपीडीत ऐकतो. म्हणूनच सांगतो. सलाईनच्या बाटलीत असतं ते पाणी आणि मीठ, कधी ग्लुकोज. ज्याच्या पोटात पाणी राहतंय त्याला ते तोंडाने मिळालं तरी तेवढंच उपयोगी पडतं. सलाईनने विषाणू एक तासही लवकर जात नाही. संध्याकाळी बरं वाटतं ते कोरडं पडलेलं शरीर भरून निघाल्यामुळे, आणि दुपारपासून ओआरएस घेतलं असतं तरी तेच झालं असतं, सुई आणि खर्च वाचून. ज्याला शुद्ध नीट नाही, ज्याचं काहीच पोटात राहत नाही, ज्याची नाडी क्षीण लागतेय, त्याला मात्र सलाईन हवंच, तिथे एक मिनिटही दवडायचं नाही.

लंघनाबद्दल: उलट्या चालू असताना चार-सहा तास कुणी खातच नाही, ते ठीक. पण त्यानंतर मुलाला उपाशी ठेवलं तर आतड्याचं अस्तर भरून यायला वेळ लागतो आणि वजन उतरतं. भूक लागली की द्यायचं.

आणखी एक. जुलाब लागले की दुकानातून नॉरफ्लॉक्सासिन-टिनिडाझोलची गोळी आणून घ्यायची सवय आपल्याकडे फार आहे. ते जंतूंवरचं औषध, विषाणूवर त्याचा काडीचाही परिणाम होत नाही. उलट पोटातले चांगले जंतू मरून जुलाब लांबू शकतात. जुलाब बांधून ठेवणाऱ्या लोपेरामाइडच्या गोळ्या लहान मुलांना अजिबात नकोत, आणि रक्त किंवा ताप असेल तर मोठ्यांनाही नकोत.

देवराई
सलाईन श्रेष्ठ की तोंडाने पाजलेलं पाणी, या वादाचा निकाल १९७१ सालीच लागलेला आहे, तोही आपल्याच देशात. बांगलादेश युद्धाच्या वेळी लाखो निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले. बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला. डॉ. दिलीप महालनबीस तिथे काम करत होते. सलाईनचा साठा संपत आला. जमिनीवर ओळीने रुग्ण, प्रत्येकाला सुई लावायला माणसं नाहीत. त्यांनी मीठ, खायचा सोडा आणि ग्लुकोज यांचं पाणी पिंपांत कालवून नातेवाइकांच्याच हातात पेले दिले आणि पाजत राहायला सांगितलं. मृत्यूचं प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास होतं, ते ४ टक्क्यांच्या खाली आलं. आया, बहिणी, शेजारीपाजारी यांनी पाजलेल्या पाण्यावर कॉलऱ्याचे रुग्ण जगले. महालनबीस २०२२ मध्ये गेले, २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं. मला फार वाटतं की हे शाळेच्या पुस्तकात असावं.

निवांत
देवराई, धन्यवाद, हे सांगायलाच हवं होतं. त्यामागचं शास्त्रही थोडक्यात लिहितो. जुलाबात आतडं नुसतं पाणी शोषू शकत नाही. पण ग्लुकोज आणि सोडियम एकत्र आत घेणारी पेशींमधली यंत्रणा जुलाबातही बरीचशी चालू राहते, आणि त्या दोघांमागोमाग पाणी आत जातं. म्हणून दोन्ही हवेत आणि ठरावीक प्रमाणातच हवेत. साखर जास्त झाली तर ती उलट शरीरातलं पाणी आतड्यात ओढते आणि जुलाब वाढतात. कोल्ड्रिंक, डब्यातले फळांचे रस, ताकद येण्यासाठी म्हणून मिळणारी नुसती ग्लुकोज पावडर, या सगळ्यांत हीच अडचण आहे.

खलबत्ता
माझं औषधांचं दुकान आहे, काउंटरवरून रोज जे दिसतं ते सांगते. ओआरएसची पुडी दोन मापांत येते. मोठी, साधारण २१ ग्रॅमची, ती एक लिटर पाण्यासाठी. छोटी, सव्वाचार ग्रॅमच्या आसपासची, ती २०० मिलि म्हणजे एका पेल्यासाठी. मोठी पुडी पेलाभर पाण्यात कालवून बाळाला पाजणारे लोक मी पाहिलेत. हे फार धोक्याचं आहे. रक्तातलं सोडियम वाढून लहान मुलाला झटके येऊ शकतात. मोठ्या पुडीतून अंदाजाने दोन चमचे काढून घेणंही नको, कारण पुडीत सगळे क्षार सारखे मिसळलेले असतीलच असं नाही. एक लिटरची बाटली घ्या, उकळून गार केलेलं पाणी भरा, पूर्ण पुडी ओता, हलवा. नंतर उकळू नका, साखर घालू नका. २४ तासांनी उरलेलं फेकून द्या.

पाकिटावर घटक वाचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात एका लिटरला सोडियम क्लोराइड २.६ ग्रॅम, ग्लुकोज १३.५, पोटॅशियम क्लोराइड १.५ आणि ट्रायसोडियम सायट्रेट २.९ असं प्रमाण आहे. ही आकडेवारी जुळली की कंपनी कुठलीही चालेल, महागाची गरज नाही. सरकारी दवाखान्यात आणि आशाताईंकडे पुड्या फुकट मिळतात.

रंगीत खोक्यातली गोड पेयं अनेक वर्षं ओआरएसच्या नावाने विकली जात होती. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष त्याविरुद्ध वर्षानुवर्षं लढल्या आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआय या केंद्राच्या अन्नसुरक्षा संस्थेने अशा पेयांवर ‘ओआरएस’ लिहायला बंदी केली. त्यांच्या चिकाटीने किती लेकरांचं भलं झालं असेल! तरीही अशी खोकी नाव बदलून शेजारच्याच फळीवर असतात, म्हणून घटक वाचायची सवय ठेवा.

पुडी नसेल तर: एक लिटर स्वच्छ पाणी, सपाट सहा छोटे चमचे साखर, सपाट अर्धा छोटा चमचा मीठ. सपाट म्हणजे वरून सुरीने पुसलेला चमचा. चव अश्रूंपेक्षा खारट लागली तर टाकून द्या. यात पोटॅशियम नसतं, तेव्हा पुडी मिळेपर्यंतची सोय म्हणूनच धरा.

पारिजातक
तुम्हा सगळ्यांना काय सांगू! सकाळपासून चमचा आणि घड्याळ घेऊन बसले. पहिला तास दोनदा उलटी झाली, मग थांबली. दुपारी लघवी झाली, गडद पिवळी, पण झाली. आत्ता झोपलाय. नवरा स्वतःच उठून पेल्याने ओआरएस घेतोय. आता सासूबाईंचं सांगा. त्या म्हणतात मला काही झालं नाहीये, मीच स्वयंपाक करते, तू बस.

यॉर्कशायरकर
इकडे इंग्लंडमध्ये हा आजार हिवाळ्यात दरवर्षी येतो, शाळाच्या शाळा आजारी पडतात. त्यामुळे इथले नियम पाठ झालेत. शेवटची उलटी किंवा शेवटचा जुलाब झाल्यापासून ४८ तास शाळा नाही, ऑफिस नाही, आणि आजारी माणसाने दुसऱ्यांसाठी स्वयंपाक करायचा नाही. नवरा बरा वाटला की लगेच चहा टाकायला उठेल, त्याला अडवा. माणूस बरा झाल्यावरही दोन आठवडे आणि कधी त्याहून जास्त दिवस विष्ठेतून विषाणू पडत राहतो, म्हणून हात धुण्याचं काम आठवड्यात संपत नाही.

सॅनिटायझरवर विसंबू नका. नोरोव्हायरसवर अल्कोहोल नीट चालत नाही. साबण, वाहतं पाणी, वीस सेकंद, नखांच्या खाचांसकट.

एकच बाथरूम असेल तर आईंना सकाळी सर्वांत आधी जाऊ द्या. आजारी माणूस जाऊन आला की भांड्याचं झाकण असेल तर ते लावूनच फ्लश. मग नळाची तोटी, फ्लशचं बटण, दाराची कडी आणि दिव्याचं बटण, या चार जागा ब्लीचच्या पाण्याने पुसायच्या. हाताने सगळ्यांत आधी त्यांनाच स्पर्श होतो आणि पुसताना त्याच राहून जातात. घरगुती ब्लीच ४ टक्क्यांचं असेल तर पाच लिटर पाण्यात अर्धा कप. पुसल्यावर पाच-दहा मिनिटं ओलंच राहू द्या, मग साध्या पाण्याने पुसा. हातमोजे घाला, खिडकी उघडी ठेवा. आणि हे अगदी जपा: संडास घासायचं ॲसिड आणि ब्लीच कधीही एकत्र करू नका, विषारी क्लोरीन वायू तयार होतो.

उलटी फरशीवर पडली तर झाडू मारू नका, पाण्याचा फवारा मारू नका, कण उडतात. जुन्या वर्तमानपत्राने किंवा फडक्याने झाकून बाहेरून आत गोळा करा, पिशवीत घालून गाठ मारा, मग ब्लीच. चादरी झटकू नका, गुंडाळून थेट गरम पाण्यात, वेगळ्या धुवा, उन्हात वाळवा. टॉवेल प्रत्येकाचा वेगळा.

सांजवेळ
मी गेली काही वर्षं आई-वडील दोघांचं पथ्यपाणी बघते, म्हणून सासूबाईंबद्दल लिहिते. वयस्कर माणसांना तहान कमी लागते. जुलाब होऊनही ती ‘नको गं’ म्हणतात आणि हळूहळू कोरडी पडतात. रडणं, ओरडणं नसतं, त्यामुळे आपल्या लक्षात येत नाही. त्यांना लागण झालीच तर पहिल्या जुलाबापासूनच ओआरएस सुरू करा, वाट बघू नका. ओआरएसमध्ये ग्लुकोज असतं म्हणून मधुमेही लोक ते टाळतात. पण लिटरभर पाण्यात साडेतेरा ग्रॅमच असतं, आणि कोरडं पडण्याचा धोका त्याहून खूप मोठा आहे. शुगर मशीनवर दिवसातून जास्त वेळा बघत राहा.

महत्त्वाचं म्हणजे गोळ्या. बीपीच्या काही गोळ्या, लघवी वाढवणाऱ्या गोळ्या, मेटफॉर्मिन आणि शुगरच्या काही नव्या गोळ्या यांचा अंगातलं पाणी कमी झालेलं असताना मूत्रपिंडावर ताण येऊ शकतो किंवा दुसरे त्रास होऊ शकतात. स्वतःच्या मनाने बंद करू नका, पण पहिल्या दिवशीच त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांना फोन करा आणि कुठली चालू ठेवायची, कुठली थांबवायची ते विचारा. प्रिस्क्रिप्शनचा फोटो आत्ताच मोबाइलमध्ये काढून ठेवा. हृदयाचा किंवा किडनीचा आजार असेल तर पाणी किती द्यायचं हेही त्यांनाच विचारायचं. उठताना चक्कर, बोलण्यात गोंधळ, लघवी अगदी कमी, यातलं काही दिसलं की दवाखाना.

आणि त्यांना स्वयंपाक करू द्या, खरंच. त्या निरोगी आहेत, तुम्ही उलट्या साफ करताय. ओट्यापाशी त्याच हव्यात, तुम्ही नव्हे.

माजघर
आले. आता खाण्याचं.

आमच्या घरी, रत्नागिरीकडे, पोट बिघडलं की उकड्या तांदळाची पेज. मूठभर तांदूळ, सात-आठ पट पाणी, कुकरला नाही, पातेल्यात. तांदूळ फुटून उमलला आणि वरचं पाणी पांढरट, किंचित दाट झालं की ते वाटीत काढायचं, चवीला मीठ. पहिल्या दिवशी नुसतं वरचं पाणी. दुसऱ्या दिवशी तळाची शितं हाताने कुस्करून त्यात. ती गरम असताना घरात जो वास सुटतो त्याने ओकाऱ्या होणाऱ्या माणसालाही खावंसं वाटतं, हे मी कितीदा पाहिलंय. गोव्यात माझ्या मावशीकडेही हीच पेज, फक्त जोडीला मिठाच्या पाण्यातल्या कैरीची फोड, ती मात्र पोट पूर्ण सावरल्यावर.

देशावरच्या सासरी मी आटवल शिकले. तांदूळ आणि थोडी मूगडाळ कोरडीच जराशी भाजायची, मग जिरं, हळद, मीठ आणि भरपूर पाणी घालून पळीवाढी शिजवायची. वर अर्धा चमचा तूप, त्याहून जास्त नको. मुलाला आवडत असेल तर मऊ भात आणि मेतकूट. तोंडाला चव नसते तेव्हा मेतकुटाचा खमंगपणा जिभेला बरा वाटतो.

उलटी थांबत नसेल तेव्हा आजी साळीच्या लाह्यांचं पाणी द्यायची. दोन मुठी लाह्या कोमट पाण्यात भिजवून, कुस्करून, फडक्यातून गाळायच्या, त्यात चिमूट मीठ आणि किंचित साखर. ओआरएसच्या जागी नाही, सोबत.

पिकलेलं केळं कुस्करून, डाळिंबाचे दाणे चावता येत असतील तर, शहाळ्याचं पाणी अधूनमधून, जिरं घातलेलं पातळ ताजं ताक. नाचणीची आंबील तिसऱ्या दिवसापासून. जायफळ उगाळून द्यायचा सल्ला तुम्हाला कुणी ना कुणी देईलच. लहान मुलाला देऊ नका, जास्त झालं तर गुंगी येते आणि मग मूल आजाराने मलूल आहे की जायफळाने ते कळत नाही.

धायरीकर
एक गोष्ट भीतीपोटी नाही, पण माहीत असावी म्हणून. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात आमच्या सिंहगड रस्ता, किरकटवाडी, नांदेड गाव या भागात गियाँ-बारे सिंड्रोमचे (नसांवर परिणाम होऊन हातपाय लुळे पडत जाण्याचा आजार) रुग्ण एकदम वाढले. बऱ्याच जणांना आधी जुलाब झाले होते, आणि काहींच्या तपासणीत कॅम्पिलोबॅक्टर हा जिवाणू सापडला. पोटाच्या आजारानंतर असं होणं फार दुर्मीळ आहे. तरी जुलाब थांबल्यावर पुढच्या काही आठवड्यांत पायांत मुंग्या, बधिरपणा, जिना चढताना पाय न उचलणं असं वाढत जाणारं काही जाणवलं तर अशक्तपणा समजून घरी बसू नका, त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात जा. आमच्या सोसायटीतले एक काका वेळेत गेले, आज चालतात.

तेव्हापासून आम्ही पाणी खळखळ उकळतो. साध्या कँडल फिल्टरने विषाणू अडत नाहीत.

नवखा_बाबा
सगळा धागा वाचतोय. आमचं बाळ ८ महिन्यांचं, कालपासून जुलाब. अंगावर दूध पितं, वरचं खाणं सुरू केलंय. आईचं दूध बंद करायला शेजारच्या काकू सांगताहेत. सकाळपासून लंगोट कोरडाच आहे, आता दुपारचे तीन वाजलेत. झोपाळू वाटतंय. ओआरएस पाजलं तर थोडं घेतं. काय करू?

निवांत
सकाळपासून लघवी नाही आणि झोपाळू आहे, म्हणजे इथल्या उत्तराची वाट बघायची नाही. आत्ता निघा, जवळच्या बालरोगतज्ज्ञांकडे किंवा सरकारी रुग्णालयात. वाहन नसेल तर १०८ ला फोन करा. वाटेत बाळाला अंगावर घ्या आणि मध्ये मध्ये चमच्याने ओआरएस देत राहा. आईचं दूध अजिबात बंद करायचं नाही.

खलबत्ता
निघालात का ते कळवा.

पारिजातक
मीही वाट बघतेय. देव करो नि बाळ सुखरूप असो.

रानवारा
भाऊ, पैशांची किंवा गाडीची अडचण असेल तर गाव सांगा, त्या भागातलं कुणी ना कुणी इथे वाचत असेल. दवाखान्यात लगेच लागते ती सुई आणि घरी लागतो तो चमचा, यातला फरक मला आज नीट कळला.

नवखा_बाबा
ॲडमिट केलंय. डॉक्टर म्हणाले पाणी बरंच कमी झालं होतं, सलाईन लावलंय. रात्री साडेआठला लंगोट ओला झाला, बायको रडायलाच लागली. आता अंगावर पितंय. सगळ्यांचे आभार कसे मानू. एक शंका: रोटाव्हायरसच्या लसीचे तिन्ही डोस दिले होते, मग असं का झालं?

पारिजातक
वाचून जीव भांड्यात पडला! बाळाला खूप खूप आशीर्वाद.

आमच्याकडे लेक उठून बसलाय, पेज मागून घेतली. सासूबाई अजून ठणठणीत आहेत, ओटा त्यांच्याच ताब्यात आहे, तोटी-कडी-बटण पुसण्याचं काम माझ्याकडे. नवऱ्याला मात्र जिना चढून आला तरी धाप लागतेय आणि चहा घेतला की पोट फुगतं, पुन्हा एक-दोन पातळ जुलाब होतात. विषाणू परत आला का?

निवांत
पारिजातक, तसं नसावं. आतड्याच्या अस्तराला इजा झालेली असते, त्यामुळे दुधातली साखर पचवणारं पाचकद्रव्य काही दिवस कमी पडतं. दूध-चहा आठवडाभर कमी करू द्या, दही-ताक बहुधा सोसतं. तळलेलं आणि फार गोडही तोवर नको. थकवा एक-दोन आठवडे राहू शकतो, झोप आणि जेवण वाढवलं की जातो. पण धाप विश्रांतीतही लागत असेल, किंवा वाढत असेल, तर दाखवून घ्या. लेकाची शाळा शेवटच्या जुलाबानंतर दोन पूर्ण दिवस गेल्यावर.

नवखा_बाबा, तुम्ही वेळेत निघालात, फार बरं केलंत. सरकारी लसीकरणात सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना रोटाव्हायरसची लस मिळते, महाराष्ट्रात २०१९ पासून. ती रोटाव्हायरसच्या जीवघेण्या जुलाबांपासून चांगलं संरक्षण देते, पण नोरोव्हायरस, ॲडेनोव्हायरस अशा बाकीच्यांना अडवत नाही. म्हणून लस घेतलेल्या बाळालाही जुलाब होऊ शकतात. ती वाया गेली असं समजू नका, दुसरं बाळ झालं तरी नक्की द्या.

घरी सोडताना झिंकचं औषध लिहून देतील. सहा महिन्यांवरच्या बाळाला रोज २० मिलिग्रॅम असं १४ दिवस द्यायचं असतं. त्याने हा आजार लवकर आटोक्यात येतो आणि पुढच्या दोन-तीन महिन्यांत पुन्हा जुलाब होण्याची शक्यताही कमी होते. चौथ्या-पाचव्या दिवशी बाळ खेळायला लागेल आणि बाटली फडताळात मागे जाईल, बहुतेक घरांत हेच होतं. तसं होऊ देऊ नका, १४ दिवस पुरे करा.

नवखा_बाबा
मोबाइलमध्ये रोजचा गजर लावला. बायकोच्याही.